मामाने पाहिलेला जर्मन सुतार

नगरला सावेडीच्या दवाखान्यातल्या सुनीता सिस्टरांचं नाव आधी लिहितो. भिवामामाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या उशाशी त्या होत्या. मी लांब तमिळनाडूत, होसूरच्या कारखान्यात. मामा आजारी म्हणून रजा मिळत नाही, असं साहेब म्हणाले, आणि काम जाईल या भीतीने मी गप्प बसलो...

आठवीत शाळा सुटली तेव्हा मामाने मला तिसगावला हाताखाली घेतलं. बैलगाडीची चाकं करायचा तो. जोखमीचं काम धाव चढवण्याचं. धाव म्हणजे चाकाचं लोखंडी कडं. ते गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, चौघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी मारायचं. कडं आवळलं की सांधे कुरकुरत घट्ट व्हायचे. मग गाडीमालकाने सगळ्यांना पुरणपोळी घालायची. जेवणं झाल्याशिवाय मामा चाक हलवू देत नसे. पुढे टायरच्या गाड्या आल्या, काम संपलं आणि मी इकडे आलो.

इथे खोलीवर मोबाईलमध्ये एक जुना, काळापांढरा माहितीपट सापडला. जर्मनीतल्या खेड्यातला म्हातारा सुतार चाक करतो. भाषा कळेना, पण हात थेट मामाचे! मामा तेव्हा नगरच्या दवाखान्यात, कुणाशी बोलत नव्हता. त्याच्या मुलाला, संपतला, म्हटलं, एवढा माहितीपट त्याला दाखव. "म्हाताऱ्याला कशाला मोबाईल? पडू दे की गप," म्हणाला. मग मामाच्याच साध्या फोनवर कॉल लावला, तो सिस्टरांनी उचलला. भीत भीत विचारलं. ड्युटी संपल्यावर त्या थांबल्या, मी पाठवलेला सगळा माहितीपट आपल्या मोबाईलवर दाखवला. मामाचा फोन चालू ठेवला, मला ऐकू यावं म्हणून.

"कोन हाय ह्यो?"

"जर्मनीचा आहे, बाबा."

"पानी लई मारतोय... पन बसली! झ्याक बसली धाव!" मग जरा वेळाने, "संपलं? जेवाया न्हाई घातलं व्हय त्याला? लई चिकट गाव दिसतंय!"

सिस्टर खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी मामा गेला.

आता महिना उलटला. दशक्रियेच्या फ्लेक्सवर आधारकार्डावरचा फोटो होता म्हणे. काम करतानाचा एकही नाही. त्या जर्मनाचा घावन् घाव कुणीतरी जपला. मामाचं एक चाक तिसगावात एका हॉटेलच्या कुंपणाला रंगवून टांगलंय, लोक त्यापुढे सेल्फी काढतात. कुणी केलं, एकजणही विचारत नाही.

सिस्टर, तुमची आई जामखेडला एकटी असते, असं फोनवर म्हणालात. कधी तिच्या उशाशी माणूस लागलं तर मला फोन करा. तेव्हा मी रजेचं कुणाला विचारत बसणार नाही, सरळ गाडीत बसेन.