पक्षात बंद ठेवलेल्या गोळ्या

आमचे सांबशिवमामा तंजावुरात सोवळ्यातला स्वयंपाक करतात, म्हणजे करत होते. इथल्या मराठी घरांत श्राद्ध असलं की पुरोहिताच्याही आधी मामांना फोन जायचा. पहाटे आंघोळ, ओला पंचा, आणि मग ब्राह्मण जेवून उठेपर्यंत चुलीपुढे उभं राहायचं. तेवढ्या वेळात त्यांना कुणी शिवायचं नाही, त्यांनी पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. यजमानीण चुकून जवळ आली तर असे खेकसायचे की ती बिचारी स्वतःच्या स्वयंपाकघरातून पळ काढायची. पण हाताला चव अशी की लोक बोलणी खाऊनही त्यांनाच बोलवायचे.

मी त्यांची भाची, हरिता. इथल्याच एका इस्पितळात, रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करतात त्या कॅथ लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे.

उन्हाळ्यात मामा जरा चालले की पोटरी धरून बसायला लागले. मांडीतली धमनी तुंबली होती. डॉक्टरांनी चिरफाड न करता जांघेतून बारीक नळी सरकवली, फुग्याने वाट मोकळी केली आणि आत स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे निकेल आणि टायटॅनियमची जाळी. गार असताना नळीत मुकाट्याने दुमडून बसते, अंगाची ऊब लागली की फुलून आपल्या मूळ आकारात येते. तिच्यावर औषधाचा पातळ लेप असतो, म्हणजे वाट पुन्हा लवकर बुजत नाही. असे स्टेंट मी रोज हाताळते, पण त्या दिवशी हातमोज्यांत माझे तळवे घामेजले होते. संध्याकाळी मामा उठून बसले आणि इस्पितळाच्या कॉफीला नावं ठेवू लागले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

जाळी कितीही चांगली असो, रक्ताला ती परकीच. शरीर तिच्यावर आपलं अस्तर चढवेपर्यंत रक्त तिच्यावर गोठू पाहतं. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, त्याही एक दिवस न चुकवता. हे मी मामांना सांगितलं, मामींना सांगितलं, मराठीत सांगितलं, तमिळमध्ये सांगितलं. मामांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

मग महालयपक्ष, पितरांचा पंधरवडा आला. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी श्राद्ध, रोज मामा चुलीपुढे. पक्षात औषधाच्या दुकानातली वस्तू तोंडात घालायची नाही, हा त्यांचा जुना नेम. रक्तदाबाच्या गोळ्याही ते पक्षात बंद ठेवत आणि आजवर काही बिघडलं नव्हतं. पाय दुखत नव्हता. त्यांनी नव्या गोळ्याही देवघराच्या फळीवर ठेवून दिल्या. मामींना माहीत होतं. त्यांना वाटलं, मलाही माहीत असेल.

सर्वपित्री अमावस्येला मेलवीथीतल्या एका घरी वडे तळताना मामांचा पाय गार पडला. मग पांढरा झाला, मग बधिर. पण स्वयंपाकी मधेच उठला तर श्राद्ध मोडलं! मामांनी भिंतीला टेकून वडे तळले, खीर उतरवली. ब्राह्मणांनी हात धुतले आणि मग मामा खाली बसले. त्यानंतर मला फोन आला.

आम्ही करता येण्यासारखं ते सगळं केलं. तार घातली, गुठळी ओढून काढली, ती विरघळवणारं औषध थेंब थेंब सोडलं. पडद्यावर जाळी स्वच्छ दिसत होती, एक तारही वाकडी नाही. पण खालच्या बारीक वाहिन्या मिटून गेल्या होत्या आणि पावलापर्यंत रक्त जाईना. मी पडद्याकडे बघत उभी राहिले. मामांचा इतका राग आला होता मला, आणि रडूही येत होतं.

पाऊल काळं पडलं. गुडघ्याखालून पाय काढायचा ठरला.

"दरवर्षी पक्षांत गोळ्या बंदच की माझ्या," मामा म्हणाले. "अत्तापर्यंत काय झालं नाही."

"ही गोळी तशी नव्हती, मामा."

"सेरि," म्हणजे बरं, असं तमिळमध्ये म्हणून त्यांनी पांघरूण पायावर ओढलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पुरोहित श्रीनिवासराव भेटायला आले. उभा जन्म दोघांनी त्याच त्याच घरांत, एक होमापाशी आणि एक चुलीपाशी काढलेला. मामांनी त्यांना सरळ विचारलं, "श्रीनिवासराव, एक पाय नाही तो पितरांचं अन्न करूं शकतो काय?"

"अगोदर बरे व्हा. मग पाहूं."

"अंगहीनाच्या हातचं नाही चालत म्हणून सांगा की. मला ठाऊक नाही काय?"

मामींनी पदर तोंडाला लावला. "अस्कं राहूं द्या, ते सोवळं, ती चूल, सगळं. तुम्ही वांचा, पुरे."

मामांनी माझा हात धरला. सोवळ्यातले मामा, कुणाला जवळ येऊ न देणारे.

"हरिता, प्लास्टिकचा पाय मिळतो म्हणे. तो लावून पहाटे त्यालाही आंघोळ घातली तर? तेव्हां चालेल काय?"

पाय मिळतो, त्यावर उभंही राहता येतं, हे मी सांगितलं. सोवळ्याचं सांगणं पुरोहिताचं काम. मी श्रीनिवासरावांकडे पाहिलं. ते उठून दाराशी चपला शोधत होते.