पेटीवरच्या चपला

माझा मामा साखर कारखान्यात क्रिस्टलायझरवर होता. नाव भारदस्त, वस्तू साधी: खोलीएवढा लोखंडी हौद, त्यात कढत दाट पाक आणि तो निवेपर्यंत सावकाश ढवळणारी पाती. ढवळत राहिलं तर साखरेचे दाणे वाढतात. थांबलं तर पाकाचा दगड होतो, मग बसा पहार घेऊन. मामाचा सगळा जीव त्या पात्यांत. आई म्हणायची, "याला मुलगी कोण देणार? हा पाकाशीच लग्न लावून बसलाय."

तीन हौदांना मिळून मोटर एकच. त्यामुळे रिकामा हौद खरवडायचा तो वीज गेली की तेवढ्यात. आत उतरणाऱ्याने चपला काढून खटक्याच्या पेटीवर ठेवायच्या. पेटीवर चपला असल्या की खटक्याला कुणी हात लावायचा नाही.

त्या दुपारी वीज गेली आणि त्याच कारखान्यात कामाला असलेले माझे बाबा मधल्या रिकाम्या हौदात उतरले. चपला पेटीवर ठेवूनच उतरले. पण फरशी धुणाऱ्या नव्या बाईंना त्या चिकट चपला बघवल्या नाहीत. त्यांनी त्या धुऊन खिडकीत वाळत ठेवल्या.

मामा बाहेरून आला आणि वीजही आली. केमिस्ट ओरडला, "अहो, बघताय काय? पाक बसतोय!" मामाने पेटी पाहिली. मोकळी होती. त्याने खटका दाबला.

पाती फिरू लागली आणि मामाला खिडकीतल्या चपला दिसल्या. अंगठा आईने शिवलेला, त्याने लगेच ओळखल्या.

खटका बंद करून तो धावला, पण हौदाच्या काठाशी थिजला. आत वाकून बघायची हिंमत होईना. "दाजी" म्हणून हाक मारायचीही नाही. ताईला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"माझ्या चपला कुणी नेल्या रे?" मागून बाबा आले, अनवाणी. "पाणी प्यायला वर आलो तर गायब!"

मामाने खिडकीतल्या चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

हे सगळं मला बाबांनी सांगितलं. मामा त्यांच्याशी त्या दिवशी एकदाच बोलला, पुन्हा कधीच नाही. तो आता आमच्याकडेच राहतो. मिक्सर लावायचा असो की पंखा, खटक्यावर बोट ठेवून तो आधी हाक मारतो, "दाजी, बाहेर आहात ना?"

आम्ही पोरं हसायचो. बाबा कधी हसले नाहीत. हातातलं काम टाकून ते येतात, मामाला दिसतील असे दारात उभे राहतात आणि म्हणतात, "आहे. लाव."