शालूताईची बंद पडलेली लाइन

दादाचा फोन आला तेव्हा मी गिरणीतून दळण घेऊन जिना चढत होते. "मंदे, ताई गेली," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलेच, "काहीतरीच काय बोलतोस! काल तर चहात साखर जास्त म्हणून भांडली माझ्याशी!" पंचवटीत माहेरी पोचले, तर शालूताईला सतरंजीवर निजवलेलं, आणि खुर्चीशेजारी मटाराची टोपली तशीच. अर्ध्या शेंगा सोललेल्या. दर थंडीत ती इंग्लंडहून इथे यायची आणि मटार सोलायला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. सोलता सोलता मान कलली म्हणे... महिना उलटून गेला, मला अजून खरं वाटत नाही. दाराची कडी वाजली की वाटतं, तीच असेल.

ताई आम्हा तिघांत थोरली. नर्स झाली, लग्न करून विलायतेला गेली आणि पडली एका खेड्यात. खेडं म्हणजे काय, थोडी घरं, एक चर्च आणि मेंढ्याच मेंढ्या. भावोजी दिवसभर नोकरीवर, बोलायला माणूस नाही. घरामागून पूर्वी एक छोटी रेल्वे जायची, दुधाचे कॅन आणि बाजारची माणसं नेणारी. ती कधीच बंद पडलेली. रूळसुद्धा उखडून नेलेले, उरली होती नुसती गवतातली पायवाट. एकदा ताई परसात रडत बसली होती, तर शेजारच्या म्हातारीने काही न विचारता तिला हाताला धरून त्या वाटेवर फिरायला नेलं. म्हातारीचे वडील त्याच लाइनवर फाटकवाले होते. त्यांनी लहानपणी लावलेली सवय तिला शेवटपर्यंत होती... लाइन ओलांडण्याआधी थांबायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, मगच पाऊल टाकायचं. ताईनेही ती सवय उचलली.

मी तिच्याकडे गेले होते तेव्हा हा प्रकार पाहिला आणि मला हसू आवरेना. "अगं बाई, रूळ नाहीत, गाडी नाही, बघतेस कोणाला?"

"बघायला काय जातंय?" ताई म्हणाली. मग चालता चालता म्हणाली, "इथे मला 'थांब गं' म्हणणारं कोणी नव्हतं मंदे. ती म्हातारी पहिली."

नाशिकला आली तरी तेच. अंगणातून तुळशीकडे जाताना मध्येच थांबायची, दोन्हीकडे बघायची. दादा ओसरीवरून ओरडायचा, "ताई, मागे हो, मालगाडी आली!" आणि मग दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत बसायची. म्हातारी झालेली माणसं, पण काय तो पोरकटपणा!

आमचं घर गंगेवरचं, म्हणजे गोदावरीकाठचं, उपाध्यायांचं. अख्ख्या देशातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. दादाचा जन्म त्यांना मंत्र सांगण्यात गेला. ताईची मुलगी मीरा विमानाने धावत आली, तेव्हा दादाने अस्थिविसर्जनासाठी पाट, तीळ, दर्भ, सगळं मांडून ठेवलं होतं. मीरा दारातच उभी राहिली. "मामा, इथे नको. आईने मला सांगून ठेवलंय. लाइनवर. त्या शेजारच्या आजींच्याही अस्थी तिथेच आहेत."

मला तर धसकाच बसला. दादा पांढराफटक पडला. "सारं जग इथे येतं, आणि माझी सख्खी बहीण इथून जाणार? कुठे, तर बंद पडलेल्या रेल्वेत? काय कमी केलं गं मी तिला?" मीसुद्धा मीराला वाट्टेल ते बोलले. पोरगी रडत होती, पण हटली नाही. दादा त्या दिवशी जेवला नाही. अस्थींचा कलश अंगणात ठेवून त्याच्यासमोर बसून राहिला. दिवेलागणीला उठला, आपल्या हाताने कलश लाल कापडात बांधला आणि मीराच्या ओटीत दिला. "मला पटलेलं नाही," तो रागातच म्हणाला, "पण ती थोरली. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?"

गेल्या रविवारी मीराचा व्हिडिओ कॉल आला. "मला नाही बघायचं," म्हणत म्हणत दादा चष्मा पुसून माझ्याजवळ येऊन बसला. तिकडे फोन कोणा शेजारणीने धरला होता. फोनवर ओलं गवत, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, आणि मीराच्या हातात दादाने बांधलेलं ते लाल कापड. मला बघवेना. रामकुंडाच्या हाकेवर वाढलेली माझी बहीण, कुठल्या कुठे... मीरा परसाच्या फाटकातून बाहेर पडली, तिचेही डोळे भरलेले, ती तशीच भराभर वाटेवर निघाली.

"मीरे, थांब!" दादा एवढ्या मोठ्याने ओरडला की मी दचकले. "आधी दोन्हीकडे बघ!"

मीरा जागच्या जागी थांबली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. इकडे पंचवटीत, फोन हातात धरून, आम्ही दोघांनीही बघितलं.

"काही येत नाहीये," दादा म्हणाला. "जा ताई."