दादांनी दिलेले दोन हात रंग

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली सबूरकाका म्हणते. बिघडलेली गाडी घेऊन कुणी कितीही धावत-पळत आलं तरी त्यांचा पहिला शब्द "सबूर". आधी गाडी चालू करायला लावतात, बाजूला उभं राहून ऐकतात आणि मगच हत्याराला हात लावतात. घाईचं गिऱ्हाईक चरफडतं, पण पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच दारात येतं. देव एकेकाच्या हाताला गुण देतो, यांच्या कानालाही दिला आहे.

त्या शुक्रवारी भर दुपारी गाडी आली ती सख्ख्या थोरल्या भावाची, सोबत वहिनी आणि पुतण्याही. दादा निवृत्त मास्तर, गाडी अठरा वर्षांची. वहिनींना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं, त्यांना उकाडा सोसत नाही, आणि दोन महिने एसी रुसलेला. दादांच्या मुलाने निकाल लावून टाकला होता. रविवारी गाडी भंगारात, सोमवारपासून आईसाठी ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी.

"आणि मी घरी बसून माश्या मारू?" दादा म्हणाले. लग्नापासून वहिनींना कुठेही न्यायचं ते त्यांनीच. तेवढं काम हातचं गेलं तर हा माणूस खचेल, हे धाकट्या भावाला न सांगता कळत होतं.

"काका, दोनदा गॅस भरून झाला," पुतण्या म्हणाला. "उभ्या गाडीत, अशा उन्हात, वीस मिनिटं गार हवा आली तर मी गाडीला हात लावणार नाही. नाहीतर बाबांनी हट्ट सोडायचा."

"सबूर. वहिनी, तुम्ही सांगा. गार हवा कधी जाते?"

"सिग्नलला. गाडी थांबली की वारा गरम, निघाली की पुन्हा गार. यांना शंभरदा सांगितलं, तर म्हणतात तुझ्या मनाचे खेळ."

सबूरकाकांनी बादलीभर पाणी आणलं आणि चालू गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीवर तांब्या-तांब्याने ओतलं. मिनिटभरात आतून वहिनी म्हणाल्या, "आली बाई गार हवा."

"म्हणजे गॅस आहे. जाळी थंड होत नाहीये," काका म्हणाले. "चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखा लागतो. इंजिनाचा पंखा फिरतोय, हा शेजारचा एसीचा मात्र मौन धरून बसलाय."

त्यांनी फ्यूज पाहिला, शाबूत. पंख्याला करंट सोडणारा रिले बदलून पाहिला, पंखा ढिम्म. मग बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला जोडल्या, तसा तो भर्रकन फिरला. मोटर धडधाकट होती. काकांनी पंख्याच्या काळ्या वायरीवर बोट ठेवलं आणि तिचा माग काढत हेडलाइटच्या मागे गेले. तिथे ती वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. करंट तिथूनच परत जातो.

बोल्ट चकचकीत चंदेरी रंगवलेला होता. पत्राही, वायरीचं टोकही. हा हात कुणाचा, हे काकांनी लगेच ओळखलं. शाळेतला फळासुद्धा दर सुट्टीत दादाच रंगवायचे. आता मुलासमोर हे बोलायचं कसं? त्यांनी दादांना एकट्यालाच बॉनेटपाशी बोलावलं.

"दादा, इथे गंज होता?"

"होता ना. खोलून घासला, दोन हात रंग दिला. तुझी वहिनी बसणार, गाडी नीटनेटकी हवी. छान झालंय की नाही?"

"छान झालंय. पण रंगातून वीज जात नाही, दादा."

दादांनी बोल्टवरचा रंग नखाने खरवडून पाहिला. मग त्यांनी स्वतःच मुलाला हाक मारली. "इकडे ये. गाडीचा दोष नाही. मीच रंगवून ठेवलं."

पुतण्या काही बोलणार, तोच वहिनी आतून म्हणाल्या, "रंगाचा डबा मिळाला की यांना कोण आवरणार? एकदा दारावरच्या बेलचं बटण रंगवून घट्ट चिकटवलं. महिनाभर पाहुणे बाहेर उभे, आणि हे म्हणायचे, हल्ली लोक विचारत नाहीत."

पुतण्याला हसू आवरेना, दादांनाही. काकांनी पॉलिश पेपर काढला तर दादांनी तो हातातून घेतला. "मी घातलेला गोंधळ, मीच निस्तरतो." पत्रा आणि वायरीचं टोक उघडं पडेपर्यंत त्यांनी घासलं. काकांनी बोल्ट आवळला, एसी लावला, आणि पंखा घरघरला.

पुतण्या पुढच्या सीटवर हवेच्या झडपेपाशी हात धरून बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर ऊन रणरणत होतं. दादा घड्याळाकडे बघायचं टाळत होते. वीस मिनिटांनी पुतण्याने हात काढला आणि खिशातून फोन घेतला.

"भंगारवाल्याला रविवारी येऊ नको म्हणून सांगतो," तो म्हणाला. "पण बाबा, रंगाचा डबा माझ्याकडे द्यायचा."

"ने," दादा म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"आता घरी जायची घाई नको," वहिनींनी गार हवेत पदर खांद्याभोवती लपेटून घेतला. "लांबच्या रस्त्याने घ्या."