रुंद पापलेट आणि पाच काठ्यांची गल्ली

बालवाडीच्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. साडेतीन फुटी मंडळी रोज घरपोच आणून देतात! चिंचपोकळीला एका चाळीच्या तळमजल्यावर मी बावीस मुलं सांभाळते. 'रुंद-अरुंद' हा पाठ दरवर्षी घेते. दहा बाय दहाच्या खोलीतल्या मुलांना रुंद काय कपाळ शिकवायचं, असं मला वाटायचं. यंदा माझीच शिकवणी झाली.

*

पहिल्या दिवशी फळ्यावर दोन रिबिनी लावल्या. लाल आखूड पण रुंद, पिवळी लांबलचक पण अरुंद. "रुंद कुठली?" विचारल्यावर सगळी पोरं पिवळीवर तुटून पडली. घ्या!

मी म्हटलं, "अरे बाळांनो, लांब नाही विचारलं. रुंद म्हणजे आडवं मोठं."

अथर्वच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "कळलं बाई! तुमच्यासारखं!"

आमच्या मदतनीस शेवंताबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या, त्या पंधरा मिनिटांनी आत आल्या.

*

मग होमवर्क दिला. घरून एक रुंद आणि एक अरुंद वस्तू आणा. अथर्वनं पप्पांचा पट्टा आणि स्वतःच्या युनिफॉर्मचा पट्टा आणला. शाब्बास म्हणतेय तोवर त्याचे पप्पा दारात हजर! एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पँट घट्ट धरलेली.

"बाई, ती रुंद वस्तू जरा परत द्या ना. कामावर जायचंय!"

*

ओवीच्या आईनं तर कमालच केली. डब्यात तळलेलं पापलेट आणि शेजारी बोटाएवढी बारीक मांदेली! खरं सांगते, रुंद-अरुंद इतकं चोख मला ट्रेनिंगमध्येही कोणी दाखवलं नव्हतं. पण ओवीचा नंबर येईपर्यंत डब्यात मांदेली तेवढी उरली होती.

"ओवी, रुंद कुठंय गं?"

तिनं फ्रॉक वर करून पोट दाखवलं. "हे बघा बाई, आता हेच रुंद झालं!"

*

स्वरानं मात्र दुसऱ्या दिवशी एक बांबूची काठी आणली. तिचा काका इथल्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता. मूर्ती आणायच्या आधी ही मंडळी मूर्तीच्या रुंदीएवढी काठी कापतात आणि आडवी धरून गल्लीभर फिरतात. काठी गेली, तर बाप्पा जाणार! स्वरानं काकाकडून आपल्या घराच्या दाराएवढी काठी कापून घेतली होती. मग काय, दिसेल त्याला ती आडवी लावत सुटली. टेबल, कपाट, शेवंताबाई! बाहेरची गल्लीसुद्धा मोजून आली. "पाच काठ्या, बाई!"

तिसऱ्या दिवशी काठी माझ्या चष्म्याला लागली, तशी माझी सटकली. "बस्स! काठी जप्त!"

कधी न रडणारी पोर भोकाड पसरून रडली. "मग आजी शाळेत कशी येणार?"

शनिवारी आमच्याकडे आजी-आजोबांचा कार्यक्रम होता. स्वराची आजी याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं खाली उतरली नव्हती. फ्रिजमुळे त्यांच्या दाराची एकच फळी उघडते, त्यामुळे व्हीलचेअर आत शिरत नाही. हातांवर उचलून न्यायला म्हातारी तयार नाही. "मी काय तांदळाची गोण?" म्हणते. म्हणून स्वरा दारातून जाईल अशी खुर्ची शोधत फिरत होती, आणि मी तिला ओरडले! इतकी लाज वाटली म्हणून सांगू. काठी मुकाट्यानं परत दिली.

तिनं डोळे पुसले आणि काठी माझ्या खुर्चीला लावली. जुनी, हातांची लाकडी खुर्ची. मी उठले की तीही माझ्याबरोबर उठते! काठी खुर्चीपेक्षा दोन बोटं जास्त भरली.

"बाई, तुमची खुर्ची अरुंद आहे!"

"पाच वर्षं मी ऑफिसला तेच सांगतेय गं बाई!"

*

शनिवारी खुर्ची वर गेली. दारातून अलगद आत शिरली. आजीला बसवून काका आणि मंडळाच्या तिघांनी उचलली. मी जिन्याखाली देव पाण्यात घालून उभी! पण सवय ती सवय. पहिल्याच वळणावर एकजण ओरडला, "गणपती बाप्पा..." आणि अख्खी चाळ गरजली, "मोरया!"

वरून आजी कडाडली, "मेल्यांनू, माका विसर्जनाक व्हरतास काय रे!"

खाली आल्यावर मंडळाच्या पोरांनी खुर्ची गल्लीच्या तोंडाशी टेकवली. कपाळावर हात धरून आजीनं या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं.

"अगे बाय! केवढी रुंद केल्यानी ही गल्ली! कधी केल्यानी?"

काकानं मान दुसरीकडे वळवली. स्वरानं मात्र काठी जमिनीवर आडवी ठेवली, एक, दोन, तीन करत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजत गेली आणि तिकडून ओरडली,

"आजी, पाचच आहेत गं!"