दहा कॉलेजं आणि त्रेपन्न टक्के

दहावीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंकडे दोन गोष्टी कधी संपत नाहीत. लाल रिफिली आणि किस्से. रिफिली निदान ऑफिसात जाऊन मागाव्या तरी लागतात, किस्से पालक स्वतःहून आणून देतात! दरवर्षी ठरवते, यंदा सगळं लिहून ठेवायचं. पण जूनमध्ये लिहायला वेळ नसतो आणि जुलैमध्ये सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

आमची शाळा बोरीवलीची, मराठी माध्यमाची. निकाल लागला की कॉम्प्युटर रूममध्ये मी आणि कॉम्प्युटरचे गावडे सर ठाण मांडून बसतो आणि मुलांचे अकरावीचे फॉर्म भरून देतो. नव्वदवाली पोरं आमच्याकडे फिरकत नाहीत, ती घरीच भरतात. आमच्याकडे येतात ती पंचेचाळीस ते पासष्टवाली. खरं सांगू? माझा जीव ह्यांच्यातच जास्त आहे.

फॉर्ममध्ये दहा कॉलेजं आवडीच्या क्रमाने लिहायची. मार्कांत बसेल त्यातलं सगळ्यात वरचं मिळतं. वरचं हुकलं म्हणून खालचं जात नाही. फक्त एक मेख आहे. पहिल्या नंबरवर लिहिलेलं लागलं तर ते घ्यावंच लागतं, खालचं लागलं तर पुढच्या यादीसाठी थांबता येतं. हे आम्ही दिवसातून चाळीस वेळा सांगतो. एकेचाळिसावा पालक विचारतो, "पण बाई, ते यादीचं जरा सांगा ना!"

यंदा पहिल्याच दिवशी जागृती आली. गोराईहून बोटीने खाडी ओलांडून येणारी माझ्या वर्गातली पोर. त्रेपन्न टक्के. घरात दहावी पास झालेली पहिलीच. आई वनिताताई मार्केटात मासे विकते, आणि तिने घरी एक अट घातली होती. एकच यादी बघायची. नाव आलं तर कॉलेज, नाही आलं तर दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर टोपली घेऊन बसायचं.

"बाई, वरती चांगलं कॉलेज लिहिलं तर खालचं रागावणार नाही ना?" जागृतीने विचारलं.

मी हसले आणि गावडे सरांना तिचा फॉर्म उघडायला सांगितला.

*

गावडे सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "तीन हौसेची, चार मार्कांची, तीन हमखास." कोणी ऐकत नाही हा भाग वेगळा.

एकसष्ट टक्केवाल्या एका मुलाचे वडील आले. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सुपरवायझर. खिशातून घडी घातलेला कागद काढला. दहाच्या दहा कॉलेजं टाऊनची, सगळ्यांचा कट-ऑफ नव्वदच्या पुढे!

मी म्हटलं, "अहो, ह्यातलं एकही लागणार नाही."

"भरायला काय जातंय बाई? दहातलं एक तरी लागेल ना! चान्स घ्यायचा."

गावडे सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "साहेब, लॉटरी लावणारासुद्धा दहा तिकिटं वेगवेगळ्या नंबरांची घेतो. तुम्ही एकाच नंबरची दहा घेताय!"

वडिलांनी कागद परत घेतला. मग एक कॉलेज खोडलं, त्या जागी बोरीवलीचं लिहिलं आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मुलाचं लग्नच मोडलं होतं.

*

मार्क किती, असं विचारलं की आया कधी नुसता आकडा सांगत नाहीत. कारण सांगतात. तापाने फणफणला होता. सेंटरवर पंखा नव्हता. शेजारी बांधकाम चालू होतं.

एक आई तावातावाने म्हणाली, "अठ्ठावन्न पडले, पण ते खरे नाहीत सर! गणिताच्या पेपराला हिच्या मागच्या बाकावरच्या मुलीला उचक्या लागल्या होत्या. पूर्ण दोन तास! माझ्या मुलीचं लक्षच लागेना."

गावडे सरांनी टायपिंग थांबवलं. "अरेरे. आणि त्या उचकीवालीला किती पडले?"

मुलगी खाली मान घालून पुटपुटली, "ब्याण्णव."

*

मागच्या वर्षीचे तन्मय आणि सोहम मला जन्मभर आठवतील. बालवाडीपासूनचे दोस्त. तन्मयला ब्याऐंशी, सोहमला बावन्न. दोघांना एकाच कॉलेजात जायचं होतं. सोहमचे मार्क वाढवणं काही आता शक्य नव्हतं, म्हणून तन्मयने घरी कोणाला न सांगता, सोहमला झेपेल असं छोटं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकून दिलं.

यादी लागली. तन्मयला ते लागलं. लागणारच की, ब्याऐंशीवाला तिथे कोण जातो! आणि पहिलं लागलं म्हणजे घेणं भाग. सोहमचं मात्र त्याच कॉलेजात दोन टक्क्यांनी हुकलं. त्याला दुसरीकडे मिळालं!

तन्मयची आई शाळेत आली ती रडत आणि ओरडत, दोन्ही एकदम. मी पाणी दिलं. तेवढ्यात सोहम पुढे झाला. "काकी, टेन्शन नका घेऊ. तन्मय तिकडे डोळे मिटून पहिला येईल."

"आणि तू रे मेल्या?"

"माझीच वाट लागली ना काकी! आता मला नवीन कोणाची तरी वही शोधायला लागेल."

काकी रडता रडता हसल्या. मला त्या पोराचा पापाच घ्यावासा वाटला होता.

*

जागृती मात्र रोज येत होती. सकाळी बोटीने यायची, यादी बदलायची, दुपारी परत जायची. तिला हवं होतं अंधेरीचं एक कॉलेज, कारण तिथे मुलींची कबड्डीची टीम आहे. ते पहिल्या नंबरवर लिहायची, घाबरून खोडायची, परत लिहायची.

"लिही गं! हौसेला टक्के लागत नाहीत," मी म्हणायचे.

"पण बाई, आई एकच यादी बघणार."

"म्हणून तर खाली हमखासवाली तीन टाकलीत ना आपण?"

मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! गावडे सर एरवी चिडके, पण ह्या पोरीचा फॉर्म त्यांनी अकरा वेळा उघडला आणि एकदाही आवाज चढवला नाही.

*

ह्या सगळ्यात कॉलेजं नीट निवडली ती एकट्या परब आजोबांनी. जुने गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. नातू ओमकार, एकोणपन्नास टक्के. आजोबांनी आमच्याकडून पंधरा कॉलेजांची नावं घेतली आणि छत्री घेऊन चार दिवस एकेक कॉलेज स्वतः हिंडून आले. पाचव्या दिवशी कागद माझ्यापुढे ठेवला.

"ह्या नाव काढ. हयसर गेटार वॉचमन निजलेलो. आमचो ओमकार दुसऱ्याच दिवशी भायर आसतलो." मग पुढच्या नावावर बोट. "हयसर शिपायान माका तीनदा इचारल्यान, कोणाक भेटाचा म्हणून. हेका वर घे."

एका कॉलेजच्या वेबसाइटवर झाडीचा सुंदर फोटो होता. आजोबा म्हणाले, "कॉलेज चौथ्या माळ्यार आसा. झाडा आसत ती नॅशनल पार्काची, खिडकीतसून दिसतत."

ओमकारने शेवटी धीर करून विचारलं, "आजोबा, पहिल्या नंबरवाल्याचं कॅन्टीन बघितलंत का?"

"बघलंय. एकदम वायट आसा. म्हणानच पयला घातलंय!"

ओमकारला पहिल्याच यादीत तेच लागलं. बिचारा डबा नेतो.

*

आता यादीचा दिवस.

सकाळी दहाच्या सुमाराला जागृती आली, आणि मागे वनिताताई. टोपली शिपायाच्या ताब्यात देऊन, हात धुऊन, पदराला पुसत आत आल्या. त्यांना मी पहिल्यांदाच इतकं गप्प पाहत होते. एरवी मार्केटात त्यांचा आवाज चार गाळे पलीकडे ऐकू जातो. जागृती दाराशीच थांबली. पुढे यायला तयार नाही.

गावडे सरांनी नंबर टाकला. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, उगाच कशाला खोटं बोलू!

नाव आलं होतं! चौथ्या नंबरवरचं कांदिवलीचं कॉलेज. कॉमर्स.

"जागृती! अगं, लागलं!" मी ओरडलेच. पोर धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. गावडे सर उगाचच माऊस पुसत बसले.

वनिताताई मात्र स्क्रीनकडेच बघत होत्या. "बाई, हे पोरीचं नाव ना?"

"हो. तुमच्या जागृतीचंच."

"नि तिना अंधेरीचं होवं होतं ना? त्याचं काय झालं?"

मला आश्चर्य वाटलं. घरी हिने सांगितलं होतं तर. म्हटलं, "ते पंचावन्नला बंद झालं. दोन टक्क्यांनी गेलं. दुसऱ्या यादीत कधी कधी कट-ऑफ खाली येतो. गेल्या वर्षी आला होता. यंदा येईलच असं नाही."

"मंग हे कांदिवलीचं तवर जाईल?"

"ह्या यादीत घेतलं नाही तर ही जागा सुटते. पण तिथे दुसऱ्या यादीतही जागा उरतात. आणि खाली हमखासवाली तीन आहेतच."

वनिताताईंनी मान हलवली. कमरेवर हात ठेवून पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं. आता त्या मार्केटात उभ्या असतात तशा दिसायला लागल्या.

"सर, बंद करा ते. दुसरी यादी कवा हाय?"

जागृती किंचाळली. "आये, नको गो! तूच बोललीस ना एकच यादी? हेच घेऊ ना! मना चालेल हे!"

"गप बस," वनिताताई म्हणाल्या. "पयल्या भावाला कदी पापलेट दिलंय काय गो मी?"