पांढरी साडी आणि बाबांचा ड्रायर

घरात दिवा विनाकारण चालू राहिलेला माझ्या वडिलांना अजिबात खपत नाही. उभी नोकरी त्यांनी लाइनमन म्हणून खांबांवर काढली. वीज किती कष्टानं घरात येते ते त्यांना माहीत, आणि त्याचा जाच आम्हाला. पाणी प्यायला उठलं तरी मागे पंख्याचं बटण खट्कन बंद. गल्लीच्या टोकाला असलेल्या बुद्धविहाराच्या भोंग्यावरही त्यांचा राग. "इतक्या जोरानं लावून राह्यले, करंट काय फुकट येते?" हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गंमत अशी, की पावसाळ्यात त्या भोंग्यातून येणारा आवाज आईचाच असायचा.

चिखलीत आमचं घर. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि कितीतरी वर्षं ते आईनंच केलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचन असं, की लहान पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. अवघड शब्द आला की क्षणभर थांबायची आणि मग तो सावकाश, सगळ्यांना कळेल असा उच्चारायची. वाचनाला बायांनी पांढरी साडी नेसायची हा तिथला रिवाज. आईकडे अशा दोनच साड्या, एक अंगावर आणि एक दोरीवर. तिसरी घे म्हटलं तर म्हणायची, "अंग एकच हाय न माये."

झडीच्या दिवसांत त्या साड्या वाळवणं म्हणजे एक मोहीमच असायची. आई साडीचं एक टोक नळाला अडकवायची आणि दुसरं धरून असा पीळ घालायची, की नंतर दोरीवरून थेंब गळत नसे. तरी हवा दमट, म्हणून आतल्या खोलीत दोरीखाली पंखा लावावा लागे. वरून इस्त्री. बाबा तेवढा वेळ मीटरपाशी येरझाऱ्या घालायचे.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मुठीत जोर काही येईना. वर्षावास तर सुरू झालेला. साड्या धड पिळल्या जात नव्हत्या, दोन-दोन दिवस ओल्या राहायच्या. एकीवर बुरशीचे काळे ठिपके पडले, ते घासूनही गेले नाहीत. दुसरीला कुबट वास. आणि वासाची साडी नेसून विहारात बसणारी आई नव्हे. "हात दुखते," असं सांगून तिनं जाणंच बंद केलं.

तिच्या जागी शेजारच्या एक बाई वाचायला लागल्या. संध्याकाळी भोंगा सुरू झाला की आई उंबऱ्यात भाजी निवडत बसायची. ऐकता ऐकता तिचे ओठ हलायचे. त्या बाईंनी एखादं वाक्य गाळलं की आईचा हात भाजीवर थांबायचा. ती कुणाला काही बोलायची नाही, आणि मला तेच बघवायचं नाही.

मी दोन गल्ल्या सोडून राहते. म्हटलं, साड्या मी धुते. आई म्हणाली, "तुह्या घरचे कपडे कमी हाईत का?" मग म्हटलं, गरम हवेनं कपडे वाळवणारं मोठं मशीन घेऊ. त्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर विकायला सांगितलं होतं.

"ते म्हणजे ओला टॉवेल चुलीवर शिजवणं झालं," ते म्हणाले. "पाणी तापवून उडवाले लय करंट लागते. तेच पाणी फेकून द्याले काही लागत नाई."

पुढच्या रविवारी ते मला बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेले. कोपऱ्यात पिंपाएवढा एक ड्रायर होता. कपडे धूत नाही, तापवत नाही, फक्त गरागरा फिरवून पाणी काढतो. बाबांनी आधी त्याला उलटं करून किती वॅटचा आहे ते वाचलं. दुकानदार मोठं मशीन खपवायच्या मागे. "काका, काऊन अर्धंच घेता? हे धुते पण."

"धुवाले मी आहो न," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता.

पहिल्या दिवशी बाबांनी साडीचा गोळा करून आत टाकला आणि बटण फिरवलं. ड्रायर थडथडत जागचा हलला आणि थेट दाराकडे निघाला. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं, तर तेही थरथरायला लागले. मनगट मोडल्यापासून आई पहिल्यांदा पोट धरून हसली. "अवो, चुंबळ करा तिची! घागरीखाली ठेवतात तशी!" डाव्या हातानं तिनं साडी वेटोळ्यानं कडेकडेनं बसवून दाखवली. आता ड्रायर जागच्या जागी घुमू लागला आणि नळीतून बादलीत धार लागली.

"पाह्य," बाबा मला म्हणाले, "गोफणीतून गोटा जाते तसं पाणी चाललं. करंट फक्त फिरवाले."

पाच मिनिटांत साडी बाहेर आली ती नुसती सर्द होती. दोरीवर टाकली, पंखा नाही, तरी संध्याकाळपर्यंत वाळली. बाबांनी इस्त्रीलाही सुट्टी दिली. घडी घालून गादीखाली ठेवायची, झाली इस्त्री. पुढचं वीजबिल उतरलं तेव्हा पोराचा निकाल सांगावा तसं त्यांनी ते गल्लीभर सांगितलं. सकाळी अंगणात उकिडवे बसून ते साडी घासायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "काय वो, काकूनं नोकरीवर ठेवलं काय?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "हाव, बिनपगारी." मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, खांबावर चढताना पाहूनसुद्धा नाही.

साडीचा वास गेला. शेवटी भादव्यात आई म्हणाली, "पुनवेले जातो मी वाचाले."

त्या पौर्णिमेच्या सकाळी बाबांना साडी नेहमीपेक्षा पांढरी हवी होती. नीळ बादलीभर पाण्यात कालवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, फिरता फिरता ती आपोआप सारखी पसरेल. ड्रायरमध्ये बसवलेल्या साडीवर त्यांनी सरळ बाटली धरली आणि झाकण लावून बटण फिरवलं.

मी भाजीचा डबा घेऊन पोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते. मांडीवर साडी, तिच्यावर गडद निळे ओघळ. घासून घासून त्यांची बोटं निळी झाली होती. दुसरी साडी तर ठिपक्यांची.

"मी तिची पुनव घालवली," ते म्हणाले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच आलं.

आई बाहेर आली. साडी उलगडून पाहिली, बाबांची बोटं पाहिली. मग विचारलं, "बाटलीत किती उरली?"

उरलेली सगळी नीळ तिनं बादलीत ओतायला लावली आणि साडी त्यात बुडवून डाव्या हातानं खालीवर करत राहिली. ओघळ हळूहळू आजूबाजूच्या रंगात मिसळले. मग चुंबळ, ड्रायर, दोरी. संध्याकाळी आभाळाच्या रंगाची साडी नेसून ती तयार झाली.

"सगळ्या पांढऱ्यात तू एकटी," बाबा म्हणाले. "बाया हासतील."

"हासू द्या. निळ्याचं आपल्याले कधी वावडं होतं?" असं म्हणून ती निघाली.

बाबा काही विहारात आले नाहीत. सकाळची लाज अजून उतरली नव्हती. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही थांबले. आम्ही दोघं आईच्या उंबऱ्यात बसलो. भोंगा खरखरला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आज आपल्या काकू वाचतील." मग आईचा आवाज आला, आधी दबका. एका अवघड शब्दापाशी ती थांबली आणि मग तो सावकाश उच्चारला.

बाबा उठले आणि आत जाऊन त्यांनी पंखा बंद केला. त्याच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं. परत येऊन मला म्हणाले, "जाय, त्या भोंगेवाल्याले सांगून ये."

"काय सांगू? हळू लाव म्हणून?"

"नाई," बाबा म्हणाले. "मोठा कर म्हणा."